ओळखू न येण्याचं कौतुक

पुरस्कारांचा मोसम आला की अभिनयाची चर्चा किलोंमध्ये आणि तासांमध्ये होऊ लागते. अमक्याने भूमिकेसाठी इतकं वजन उतरवलं, तमकी रोज पहाटे उठून रंगभूषेच्या खुर्चीत इतके तास बसली, कुणी जन्मापासूनचे उच्चार घासून काढले, कुणाला सेटवर सहकाऱ्यांनीही ओळखलं नाही. 'द मशिनिस्ट'मधला ख्रिश्चन बेलचा हाडांचा सापळा, 'डार्केस्ट अवर'मध्ये चर्चिलच्या चेहऱ्याआड गेलेला गॅरी ओल्डमन, आपल्याकडे 'दंगल'साठी आमिर खानने वाढवलेलं आणि मग उतरवलेलं वजन, या गोष्टी सिनेमाच्या आधी आपल्यापर्यंत पोचतात आणि सिनेमा विस्मरणात गेल्यावरही लक्षात राहतात. 'ओळखूच येत नाही' ही नटाला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी होऊन बसली आहे. मेहनतीबद्दल माझी तक्रार नाही. शरीर हे नटाचं हत्यार आहे आणि त्याने ते हवं तसं वापरावं. तक्रार आहे ती या मापाबद्दल. नट स्वतःपासून किती लांब गेला यावरून तो किती मोठा हे ठरवायचं, ही पद्धत मला उथळ वाटते आणि ती बिनतक्रार रुजत चालली आहे याचं वाईट वाटतं.

या मापाने मोजलं तर अमेरिकन नट पीटर फॉक सरळ नापास होतो. तो घोगरा आवाज, न्यू यॉर्कचे अर्धे गिळलेले उच्चार, किंचित कलती मान, डोळा बारीक करून पाहण्याची ढब, हे सगळं 1960 मध्ये 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड'मध्ये भाडोत्री मारेकरी रंगवताना होतं आणि 2003 मध्ये 'कोलंबो'च्या शेवटच्या भागातही होतं. मधल्या त्रेचाळीस वर्षांत त्याने केलेली कुठलीही भूमिका काढा, पहिल्या वाक्याला तो ओळखू येतो. तरीही पडद्यावरच्या अभिनयाबद्दल नीट विचार करायचा म्हटलं की मला त्याच्याकडेच वळावं लागतं, कारण त्याच्या उदाहरणासमोर हे माप टिकत नाही.

त्याची जीवनकथा अनेकदा सांगितली गेली आहे. बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी. जन्म 16 सप्टेंबर 1927, न्यू यॉर्क. बालपण ऑसिनिंग या गावी, जिथे सिंग सिंगचा प्रसिद्ध तुरुंग आहे. आईवडिलांचं कपड्यांचं दुकान. तीन वर्षांचा असताना दृष्टिपटलाचा कर्करोग झाला आणि उजवा डोळा काढावा लागला. तेव्हापासून त्या जागी कृत्रिम डोळा. शाळेत बेसबॉल खेळताना पंचाने त्याला चुकीचा बाद दिला, तेव्हा त्याने तो डोळा काढून पंचाच्या हातावर ठेवला, हा किस्सा तो स्वतः आवडीने सांगत असे. सैन्याने घेतलं नाही म्हणून व्यापारी जहाजावर स्वयंपाकी झाला. मग शिक्षण, 1953 मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठाची लोकप्रशासनातली पदव्युत्तर पदवी आणि कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात हार्टफर्डला नोकरी. काम कसलं, तर सरकारी कामकाजाची कार्यक्षमता तपासण्याचं. संध्याकाळी हौशी नाटकं. वेस्टपोर्टला इव्हा ल गॅलियन ही मोठी अभिनेत्री व्यावसायिक नटांसाठी वर्ग घेत असे. हा नट असल्याची थाप मारून तिथे शिरला आणि हार्टफर्डहून येता येता नेहमी उशीर करू लागला. तिने कारण विचारलं तेव्हा आपण नट नाही हे त्याने कबूल केलं. मग तुम्ही नट व्हायला हवं, असं तिने सांगितलं. त्याने नोकरी सोडली. तिशी जवळ आली होती.

एका डोळ्याच्या मुलाने जिद्दीने जग जिंकलं, अशी जी गोष्ट यातून काढली जाते ती मी बाजूला ठेवतो. ती कुणाबद्दलही सांगता येते आणि तिच्यातून अभिनयाबद्दल काहीही कळत नाही. कोलंबिया पिक्चर्सच्या हॅरी कोनने चाचणी घेऊन त्याला नाकारलं, तेवढ्याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळतो असं म्हणून, हेही फॉक पुढे अनेकदा सांगे. मला अधिक महत्त्वाची वाटते ती 1956 ची गोष्ट. न्यू यॉर्कच्या 'सर्कल इन द स्क्वेअर'मध्ये होसे किंतेरोने युजीन ओ'नीलचं 'द आइसमन कमेथ' बसवलं. त्यात जेसन रोबार्ड्ससमोर फॉकला बारमनची भूमिका मिळाली. त्या चार-साडेचार तासांच्या नाटकात दारूडे आपापली स्वप्नं बोलत राहतात आणि बारमागच्या माणसाला संध्याकाळचा मोठा भाग ऐकत काढावा लागतो. फॉक काय शिकून मोठा झाला असं कुणी विचारलं, तर मी या भूमिकेकडे बोट दाखवेन.

पुढे 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड' आणि त्याच्या पुढच्याच वर्षी फ्रँक काप्राचा 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स', दोन्हींसाठी सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन. त्यानंतर 1968 मध्ये टीव्हीवर गुप्तहेर लेफ्टनंट कोलंबो आला आणि जवळजवळ सगळं आयुष्य घेऊन बसला. इथे काही मतं ठरलेली आहेत. टीव्हीने एक सिनेमानट गिळला, असं एक मत आहे. ज्यांनी टीव्ही नीट पाहिला नाही त्यांचं ते मत आहे. कोलंबो म्हणजे श्रीमंतांच्या बंगल्यात शिरलेला कामकरी वर्ग, हे दुसरं. ते खरं आहे, पण त्यातून पटकथा समजते, नट समजत नाही. मळका रेनकोट, जुनी प्यूजो आणि न दिसणारी बायको यांनी ही भूमिका तारली, हे तिसरं. रेनकोट फॉकचा स्वतःचा होता आणि स्टुडिओच्या आवारातून ती गाडीही त्यानेच निवडली, एवढं सांगून ते सोडून देतो.

सोडून देता येत नाही असं मत एकच आहे. त्याला मी परकायाप्रवेशाचा पक्ष म्हणेन, कारण मराठी नाट्यचर्चेत हा शब्द या अर्थाने रुळलेला आहे. हा पक्ष म्हणतो की नटाचं काम स्वतःला पुसणं हे आहे. जितकं पुसलं तितका अभिनय, जितकं उरलं तितकं व्यक्तिमत्त्वाचं प्रदर्शन. म्हणून जो प्रत्येक वेळी वेगळा तो नट, आणि जो प्रत्येक वेळी तोच तो फार तर एक लाघवी माणूस. या पक्षातली माणसं हलकी नाहीत. त्यांच्यात उत्तम नट आहेत, उत्तम शिक्षक आहेत, आणि आपल्याच लकबींवर जगणाऱ्या ताऱ्यांचा त्यांना जो तिटकारा आहे तो मलाही आहे. म्हणूनच त्यांच्याशी वाद नीट घालायला हवा.

ही मंडळी आपली वंशावळ स्तानिस्लावस्कीपासून आणि न्यू यॉर्कच्या अ‍ॅक्टर्स स्टुडिओपासून सांगतात. ती वंशावळच त्यांच्या बाजूने नीट साक्ष देत नाही. ली स्ट्रासबर्ग नटाला स्वतःच्या आठवणी उकरायला सांगत होता. म्हणजे स्वतःला पुसायला नव्हे, वापरायला. 'ऑन द वॉटरफ्रंट'मधला मार्लन ब्रँडो पहिल्या चौकटीत ब्रँडो म्हणून ओळखू येतो आणि त्याने त्या भूमिकेचं काही बिघडत नाही. देहाच्या कायापालटाला जी आजची प्रतिष्ठा मिळाली ती बरीच नंतरची, 'रेजिंग बुल'साठी रॉबर्ट डी निरोने सत्तावीस किलोंच्या आसपास वजन वाढवलं तिथपासूनची. तो सिनेमा थोर आहे, डी निरोही त्यात थोर आहे. पण तो जिथे सर्वांत थोर आहे तिथे पोटाचा काही संबंध नाही. डी निरोचा जेक टीव्ही दुरुस्त करतोय, भाऊ जोई, म्हणजे जो पेस्की, समोर आहे, आणि माझ्या बायकोशी तुझं काही आहे का, हा प्रश्न तो हळूहळू त्याच्यावर लादतो. भीती वाटते ती तो पेस्कीकडे ज्या नजरेने पाहतो तिची. सुटलेलं शरीर नंतर येतं आणि आपण त्याला दाद देतो, कारण ते मोजता येतं.

परकायाप्रवेशवाले यावर म्हणतील, ठीक आहे, वजन सोडा, पण फॉक तर सगळीकडे स्वतःलाच खेळतो. हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. त्याचं उत्तर एका जोडीत आहे.

1974 मध्ये 'कोलंबो' अमेरिकेत घराघरांत पोचला होता आणि त्याच वर्षी जॉन कॅसाव्हेट्सचा 'अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स' आला. फॉकने त्यात स्वतःचे पैसे घातले होते. वितरक मिळेना तेव्हा कॅसाव्हेट्सने तो स्वतःच चित्रपटगृहांपर्यंत नेला. फॉक त्यात निक लाँगेटी आहे, बांधकाम मजुरांचा मुकादम. जीना रोलँड्स त्याची बायको मेबल, जिचं मन ठिकाणावर राहत नाही. आज रात्री घरी येईन असं निकने तिला वचन दिलेलं असतं, पण पाण्याची मुख्य वाहिनी फुटते आणि रात्र कामावर जाते. सकाळी तो अख्खी टोळी घेऊन घरी येतो. मेबल सगळ्यांसाठी स्पगेटी शिजवते. लांबलचक टेबल, दमलेले पुरुष, संकोच, हसणं, मग कुणीतरी गाऊ लागतं. मेबल खुलते. पाहुण्यांपैकी एकाजवळ ती जरा जास्तच जाते, नाचायला चल म्हणून आग्रह करते. तो माणूस ओशाळतो. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला निक बसला आहे. आधी त्याच्या चेहऱ्यावर यजमानाचं हसू आहे. मग त्याचं लक्ष मेबलवरून उडतं आणि मेबलकडे पाहणाऱ्या आपल्या माणसांवर जातं. ते काय पाहत आहेत, त्यांना ती कशी दिसते आहे. मग एकाएकी तो तिच्यावर ओरडतो. टेबल गप्प होतं. एकेक माणूस उठून निघतो.

हा तोच आवाज आहे. तीच कलती मान, तेच उच्चार, तोच डोळा. फॉकने निकसाठी काहीही पुसलेलं नाही. आणि तरीही त्या टेबलाशी बसलेला माणूस कोलंबो असूच शकत नाही. कोलंबो समोरच्याकडे पाहताना समोरच्यालाच पाहतो. निक आपल्या बायकोकडे पाहतो तेव्हा लोकांच्या डोळ्यांतून पाहतो, आणि तिच्यावर त्याचं जिवापाड प्रेम असूनही ती त्याला दिसत नाही. पुढे तो तिला सहा महिने इस्पितळात ठेवतो, पोरांना ट्रकमध्ये घालून समुद्रावर नेतो आणि परतताना त्यांना बिअर पाजतो, कारण आनंद कसा द्यायचा हे त्याला कळत नाही. ज्याचा चेहरा अमेरिका दर महिन्याला लक्ष देणारा माणूस म्हणून पाहत होती, तोच चेहरा घेऊन फॉकने लक्ष देता न येणारा नवरा उभा केला. वेगळं नाक लावून हे झालं असतं तर ते सोपं झालं असतं.

यावर पुढचा आक्षेप येतो. हा फरक लेखनाचा आहे, कॅसाव्हेट्सने वेगळा माणूस लिहिला आणि टीव्हीच्या लेखकांनी वेगळा. कोलंबोचाच इतिहास हा आक्षेप निकालात काढतो. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक यांनी हा गुप्तहेर फॉकसाठी लिहिलेला नव्हता. 1960 मध्ये टीव्हीवर बर्ट फ्रीडने तो केला. 1962 मध्ये 'प्रिस्क्रिप्शन: मर्डर' या नाटकात थॉमस मिचेलने केला. माणूस तोच, घुटमळणं तेच, दारातून परत वळणं तेच. ते कुणाच्या फारसं लक्षात नाही. 20 फेब्रुवारी 1968 ला हेच नाटक टीव्हीचित्रपट म्हणून फॉकच्या वाट्याला आलं, आणि त्यातला फॉकसुद्धा अजून आपल्याला ठाऊक असलेला कोलंबो नाही. केस नीट विंचरलेले, बोलणं धारदार, चतुर पोलीस अधिकारी. तीन वर्षांनी, 15 सप्टेंबर 1971 ला, चोवीस वर्षांच्या स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केलेला 'मर्डर बाय द बुक' आला तोवर तो मंदावला आहे, विस्कटला आहे. पात्राचे निर्माते तेच, नटही तोच. बदलली आहे ती एकच गोष्ट. आता त्याला समोरच्याकडून खरोखर काहीतरी हवं आहे.

हे समजायला मालिकेची घडण पाहायला हवी. खून कोणी केला हे प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच दाखवलं जातं. कोलंबो येतो तो बराच उशिरा. म्हणजे कोण हा प्रश्न उरतच नाही, आणि रहस्यकथेला जो आधार असतो तोच काढून घेतला जातो. उरतात दोन माणसं आणि त्यांच्यातली बोलणी. नट समोरच्यात खरोखर गुंतला नाही तर अशा भागात दीड तास पाहण्यासारखं काहीच राहत नाही. हे फॉकला पुरतं ठाऊक होतं. चित्रीकरणात तो खिसे चाचपू लागे, संहितेत नसलेली पेन्सिल मागे, वाक्य मधेच सोडून भलत्याच गोष्टीकडे वळे. समोरच्या नटाने पाठ करून आणलेली प्रतिक्रिया त्यामुळे कोलमडे आणि चेहऱ्यावर खरी चीड येई. लोक याला लकबी म्हणतात. मला त्या समोरच्याला जागं करण्याच्या युक्त्या वाटतात.

आता दोन भाग शेजारी ठेवा, दोन्ही 1973 चे. 'अ स्टिच इन क्राइम'मध्ये लिओनार्ड निमॉय हा हृदयाचा शल्यविशारद आहे. ज्येष्ठ सहकाऱ्याच्या शस्त्रक्रियेत त्याने विरघळणारा टाका घातला आहे, म्हणजे काही दिवसांनी मृत्यू आपोआप येईल. कोलंबोला हे उमगतं. तो सांगायला जातो तेव्हा डॉक्टर हसतो. कोलंबो हातातलं पाण्याचं भांडं टेबलावर आपटतो आणि त्या वृद्ध डॉक्टरची नीट काळजी घ्यायला बजावतो, कारण तो गेला तर शवविच्छेदन होणार. संपूर्ण मालिकेत त्याचा असा राग हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा दिसतो.

'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म'मध्ये डोनाल्ड प्लेझन्स द्राक्षमद्याचा जाणकार एड्रियन कार्सिनी आहे. सावत्र भाऊ वडिलोपार्जित वायनरी विकायला निघतो म्हणून तो त्याला तळघरात बंद करून सोडून देतो. तळघराचं वातानुकूलन बंद असतं, बाहेर उष्णतेची लाट येते, आणि खुन्याचा स्वतःचा अमूल्य साठा खराब होतो. कोलंबो या माणसाला पकडण्यासाठी मद्याचा अभ्यास करतो आणि करता करता त्याला त्यात खरंच गोडी लागते. त्याची विद्या आणि त्याचं एकटेपण दोन्ही कोलंबोला समजतं. उपाहारगृहात एड्रियनच्याच तळघरातली बाटली त्याच्यापुढे येते, तो एक घोट घेतो आणि हे मद्य उष्णतेने नासलंय म्हणून संतापतो. त्याची जीभच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. शेवटी गाडीत, अटकेच्या वाटेवर, कोलंबो जेवणानंतर घेतात ते गोड मद्य आणि दोन पेले काढतो. निवड पाहून एड्रियन त्याला म्हणतो की तुम्ही फार छान शिकलात, आणि कोलंबो ते मनापासून, जवळजवळ लाजून स्वीकारतो. फसवणाऱ्या पोलिसाचं हे लाजणं नाही. शिकवणाऱ्याने पाठ थोपटल्यावर शिष्याचं जे होतं ते हे आहे.

कोट तोच, सिगार तोच, पेन्सिल हरवणंही तेच. पण निमॉयसमोरचा माणूस प्लेझन्ससमोर नाही. मला जो भेद करायचा आहे तो इथे येऊन थांबतो. स्वतःपासून दूर जाणं ही एक गोष्ट आहे आणि दुसऱ्याच्या जवळ जाणं ही वेगळी गोष्ट आहे. परकायाप्रवेशाचा पक्ष धरून चालतो की पहिली केली की दुसरी आपोआप होते. तसं होत नाही. नट स्वतःपासून कितीही लांब जाऊ शकतो आणि तिथे पोचल्यावर एकटाच असू शकतो, आपल्या नव्या चेहऱ्याबरोबर. गेल्या काही वर्षांतल्या गाजलेल्या चरित्रपटांत मला हे वारंवार दिसतं. मध्यवर्ती नट बिनचूक आहे, उच्चार बिनचूक आहेत, चालणं बिनचूक आहे, आणि तो समोरच्याचं एक अक्षरही ऐकत नाही, कारण त्याला स्वतःकडे लक्ष ठेवायचं आहे. उलट फॉक आपल्या जागेवरून तसूभर हलत नाही आणि समोरच्यापर्यंत पोचतो. दोन्ही एकाच वेळी साधणारे नटही आहेत, डी निरो त्यांतला एक. पण त्यांचं मोठेपण दुसऱ्या गोष्टीतून येतं, आणि टाळ्या पहिलीला पडतात.

हा भेद फॉकलाही लागू करायला हवा, आणि केला की तो सगळीकडे पास होत नाही. 1989 मध्ये कोलंबो दुसऱ्या वाहिनीवर परत आला आणि 2003 पर्यंत अधूनमधून चालला. एकूण 69 भाग झाले. नंतरच्या कितीतरी भागांत त्याचं घुटमळणं लांबत जातं, हात डोक्याकडे जातो तो सवयीने, आणि समोरचा खुनी इतका पुसट असतो की घुटमळणं कुणासाठी हे कळत नाही. परकायाप्रवेशवाले इथे म्हणतील, पाहा, तोच तो झाला की हे असंच होतं. मी म्हणेन, त्याच्यात काहीच बदललं नव्हतं, समोरचा माणूस नाहीसा झाला होता. लकब जेव्हा कुणासाठी असते तेव्हा तो अभिनय असतो. ती कुणासाठीही नसली की नुसती सवय राहते.

याची सर्वांत विलक्षण कसोटी 1987 मध्ये बर्लिनमध्ये झाली. विम वेंडर्सच्या 'विंग्ज ऑफ डिझायर'मध्ये शहरावर देवदूत फिरत असतात, माणसांचे विचार ऐकतात, पण कुणाला दिसत नाहीत. फॉक त्यात पीटर फॉकच आहे, बर्लिनमध्ये चित्रीकरणाला आलेला नट. रस्त्यावरची पोरं त्याला कोलंबो म्हणून ओळखतात. तो फावल्या वेळात माणसांची रेखाटनं करतो, आणि फॉक खरोखरच कोळशाने चित्रं काढत असे. स्वतःपासून दूर जाण्याचं माप इथे शून्यावर येतं, नाव, चेहरा, धंदा, छंद सगळं त्याचंच. आणि मग रस्त्याकडेच्या कॉफीच्या टपरीपाशी तो थांबतो. त्याला जाणवतं की कुणीतरी अदृश्य शेजारी उभं आहे. दिसत नाही, पण आहेस हे मला कळतंय, असं तो त्याला सांगतो. थंडीत हात चोळण्याचं सुख, गरम कॉफी आणि धूर यांचं सुख त्याला वर्णन करून सांगतो आणि मोकळ्या हवेत हात पुढे करतो. प्रेक्षकाला तो देवदूत दिसतो, फॉकला दिसत नाही. न दिसणाऱ्या माणसाकडे इतक्या आपुलकीने पाहता येतं, हे दाखवायला त्याच्याकडे त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काहीही नव्हतं. यातही तो स्वतःलाच खेळतोय असं ज्यांना म्हणायचं आहे त्यांनी खुशाल म्हणावं. स्वतःला खेळणं ही गोष्ट त्यांना वाटते तितकी सोपी नाही, एवढंच मी म्हणेन.

शेवटच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने त्याला घेरलं. 23 जून 2011 रोजी बेव्हर्ली हिल्समध्ये तो गेला. त्याला पाच एमी मिळाली, त्यांतली चार कोलंबोसाठी, आणि ऑस्कर कधीच मिळालं नाही. मला मात्र त्याच्या पुरस्कारांपेक्षा त्याच्यासमोर उभं राहून दुसऱ्यांनी मिळवलेले पुरस्कार बोलके वाटतात. 'अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स'साठी जीना रोलँड्सला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि तिची ती भूमिका अमेरिकन सिनेमातल्या सर्वश्रेष्ठ भूमिकांमध्ये धरली जाते. पॅट्रिक मॅकगूहनला 'कोलंबो'त खुनी रंगवल्याबद्दल दोनदा एमी मिळालं, 1975 मध्ये आणि पुन्हा 1990 मध्ये. फे डनवेला 1994 मध्ये मिळालं ते अशाच एका भागासाठी, आणि तो भाग फॉकने स्वतः लिहिला होता.